शेपटी जाते कुठे?

बालमित्रांनो, तळ्यात बेडूकमासे तुम्ही पाहिले असतील. बेडूकमासा कल्ल्यांनी श्वास घेतो, शेवाळ खातो आणि शेपटीने पोहतो. पुढे त्याला पाय फुटतात, फुप्फुसे काम करू लागतात, लांबलचक आतडे आखूड होते आणि शेपटी नाहीशी होते. ती गळून पडत नाही. मग जाते कुठे? आज आपण तेच पाहू.

हा बदल घडवते गळ्यातील अवटु ग्रंथी, म्हणजे थायरॉईड. गुडरनाच या शास्त्रज्ञाने १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बेडूकमाशांना घोड्याची थायरॉईड ग्रंथी खाऊ घातली होती. ते वेळेआधीच बदलले आणि इवलेसे बेडूक झाले. पुढे दुसऱ्या प्रयोगांत ही ग्रंथी काढून टाकली, तेव्हा बेडूकमासे आकाराने वाढत राहिले, पण बेडूक काही झाले नाहीत.

ही ग्रंथी आयोडीन वापरून संप्रेरक बनवते. संप्रेरक म्हणजे रक्तातून फिरणारा निरोप. पेशीमध्ये ठरावीक जनुकांवर एक प्रथिन पहारेकऱ्यासारखे बसलेले असते. निरोप येईपर्यंत ते त्या जनुकांना गप्प ठेवते. संप्रेरक त्याला येऊन चिकटले, की तोच पहारेकरी जनुकांना कामाला लावतो.

निरोप एकच, पण प्रत्येक अवयव तो आपल्या परीने पाळतो. पायाच्या पेशी वाढतात, शेपटीच्या मरतात. कापून काचेच्या बशीत ठेवलेली शेपटीसुद्धा या संप्रेरकाने आक्रसते. मूळचे भारतीय शास्त्रज्ञ जमशेद टाटा यांनी लंडनमध्ये १९६६ साली अशा शेपटीला नवी प्रथिने बनवू दिली नाहीत, तेव्हा ती आक्रसलीच नाही. म्हणजे नाहीसे होण्यासाठीही शेपटीला काम करावे लागते! तिच्या पेशी नवी पाचक प्रथिने बनवतात आणि शेपटी आतल्या आत पचून जाते.

पालकांसाठी दोन शब्द. हेच संप्रेरक आपल्याही शरीरात असते. गर्भातल्या आणि तान्ह्या बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते. म्हणून मिठात आयोडीन घालतात. परदेशात मात्र दुकानातले प्रत्येक मीठ आयोडीनयुक्त असतेच असे नाही. पुडा घेताना वाचून घ्यावा.

स्वाध्याय
१. थायरॉईड ग्रंथी नसलेल्या बेडूकमाशाचे काय होते?
२. घरातल्या मिठाच्या पुड्यावर आयोडीनचा उल्लेख आहे का? पाहून या.