रोझा वन: फॉन्ट फुकट, मग पैसे कशाचे?

दुकानाची पाटी, कार्यक्रमाचे पोस्टर किंवा दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ जुन्या वळणाचे आणि ठसठशीत हवे असेल, तर इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ आधी पाहा. देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्या त्यात एकाच घडणीच्या आहेत. जाड रेषा अगदी भरदार, बारीक रेषा केसासारख्या. ही ठेवण १९व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिरातींसाठी निघालेल्या ‘फॅट फेस’ टाइपांची आहे.

किंमत शून्य. गूगल फॉन्ट्सवरून तो उतरवून घेता येतो. मुक्त परवान्यामुळे पाटी, पुस्तक, वेबसाइट, ॲप कुठेही, व्यावसायिक कामालासुद्धा, चालतो. फक्त तो फॉन्टच सुटा विकायला बंदी आहे. म्हणून डिझायनरच्या बिलात ‘फॉन्टचे शुल्क’ दिसले, तर कोणत्या फॉन्टचे ते जरूर विचारा.

विकतच्या फॉन्टचे गणित निराळे. छपाईच्या कामाचा परवाना बहुधा संगणकांच्या संख्येवर, वेबसाइटचा वाचकसंख्येवर आणि ॲपचा वेगळाच घ्यावा लागतो. त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि डॉलरमध्ये खरेदी केली तर बँकेचे परकीय चलन शुल्क. १९२२ चा शिकागोचा प्रसिद्ध ‘कूपर ब्लॅक’ मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर अनेकांकडे आलेला असतो, पण त्यात देवनागरी नाही. मराठी पाटीला त्याचा उपयोग नाही.

रोझाचा खरा खर्च कामात होतो. मजकूर जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलावा लागेल. त्याची मजुरी आणि नंतरचे मुद्रितशोधन धरूनच दर ठरवा. पेजमेकरवर हा फॉन्ट चालणार नाही. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडला नाही, तर जोडाक्षरे तुटतात. काम ठरवण्यापूर्वी आपलेच नाव टाइप करून घ्या आणि ल, श, ॲ, ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ नीट न्याहाळा. ल आणि श मराठी वळणाचे हवे असतील तर ते आधीच सांगा. छापखान्यात फाइल देताना अक्षरे कर्व्ह करून, म्हणजे आकृत्यांमध्ये बदलून द्या, आणि मूळ फाइल जपून ठेवा.

सर्वांत महागात पडते ती चुकीची जागा. रोझा मोठ्या आकारासाठी आहे. पत्ता, फोन नंबर, निमंत्रणाचा मजकूर त्यात लावू नका. लहान आकारात बारीक रेषा उडतात, आणि गडद रंगावर पांढरी अक्षरे काढली तर शाई त्या भरून टाकते. याला एकच वजन, म्हणजे अक्षरांची एकच जाडी, आहे. ऑपरेटरने ‘बोल्ड’चे बटण दाबले तर संगणक अक्षरे नुसती फुगवतो आणि सगळी नजाकत जाते. हजार प्रती काढण्याआधी एक प्रूफ प्रत्यक्ष मापात, त्याच कागदावर काढून मागा. त्याचे पैसे द्यावे लागले तरी द्या.

नाव दोन-तीन शब्दांचे असेल तर रोझा बिनधास्त घ्या. लांबलचक ओळ असेल तर दुसरा फॉन्ट शोधा.