जुना लॅपटॉप बैलासारखा पारखून घ्या



बाजारात बैल घेताना आपण काय करतो? दात बघतो, खांद्यावरून हात फिरवतो, चार पावले चालवतो. शिंगांचा रंग बघून कोणी पैसे मोजत नाही. पण जुना लॅपटॉप घेताना हीच जाणती माणसे चकाकीला भुलतात. उसाचा हप्ता हातात आलेला, मुलीचा कॉलेजचा प्रवेश झालेला, आणि दुकानदार म्हणतो, "घ्या काका, एकदम नव्यासारखा हाय!" फसगत होते ती इथेच. म्हणून पैसे देण्याआधी एक तास काढा आणि पुढील चार गोष्टी स्वतः तपासा. शिकणारा मुलगा-मुलगी बरोबर असू द्या.

१. वय बघा. लॅपटॉपचे दात म्हणजे त्याचा प्रोसेसर. 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टीम' आणि त्यात 'अबाउट' उघडले की त्याचे नाव दिसते. इंटेलच्या आय-५ पुढे ८२५० असा चार आकडी क्रमांक असेल तर पिढी आठवी. १०२१० असा पाच आकडी असेल तर दहावी. हे का बघायचे? विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. विंडोज ११ ला इंटेलचा बहुधा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या यंत्रावरही ते वळसा घालून बसवता येते, तेव्हा नुसते 'अकरा चालतंय' यावर जाऊ नका. मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत साधन चालवले की यंत्र पात्र आहे की नाही ते कळते. रॅम ८ जीबी आणि साठवण २५६ जीबीची एसएसडी असावी. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर यंत्र रेंगाळते. एसएसडी बसवण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

२. बॅटरी बघा. 'कमांड प्रॉम्प्ट'मध्ये इंग्रजीत 'पॉवरसीएफजी' लिहा, एक जागा सोडून तिरपी रेघ द्या आणि तिला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' लिहा. तयार होणाऱ्या अहवालात 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे नवेपणीची ताकद आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आजची ताकद. ५०,००० ची ३०,००० उरली असेल तर बॅटरी ६० टक्क्यांवर आली. मग चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ लावा. १५ टक्के उतरली तर पूर्ण बॅटरी सव्वातीन तासांच्या आसपास पुरेल. टचपॅड वर उचललेले किंवा तळ टेबलावर न टेकणारा दिसला तर बॅटरी फुगलेली असू शकते. तसले यंत्र घेऊच नका, ते पेट घेऊ शकते.

३. चालवून बघा. झाकण दहा वेळा उघडझाप करा. बिजागरी कुरकुरता कामा नये. पडदा पूर्ण पांढरा करून डाग व रेघा शोधा. नोटपॅडमध्ये एकेक कळ दाबा. प्रत्येक खाचेत पेन ड्राइव्ह घाला. वाय-फाय, कॅमेरा, माइक आणि आवाज तपासा. अर्ध्या तासाच्या व्हिडिओने यंत्र फार तापते का, पंखा घरघरतो का, तेही बघा.

४. मालकी बघा. हा मुद्दा मी ठेच खाऊन शिकलो. आमच्या घरी घेतलेला लॅपटॉप पंधरा दिवस झकास चालला. मग मुलाने तो 'रीसेट' केला, तर पडद्यावर एका कंपनीचे नाव आले आणि तिथल्या नोकराचा मेल व पासवर्ड मागू लागला. कंपनीने तो आपल्या ताब्यातून सोडलेलाच नव्हता. परीक्षा तोंडावर आणि घरात लोखंडाचा ठोकळा! दुकानदार म्हणाला, "आम्ही दिला तवा चालू होता." माझ्याकडे बिल नव्हते, होती फक्त एक चिठ्ठी.

म्हणून रीसेट तुमच्या समोर करायला लावा आणि लगेच इंटरनेट जोडा. कंपनीचे नाव आले की उठा. बायोसला पासवर्ड नसावा. तळाचा सिरियल नंबर बायोसमध्ये दिसणाऱ्या नंबराशी जुळावा आणि तोच बिलावर असावा. माल चोरीचा आहे असे मानायला कारण असूनही तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. स्वस्ताईच्या मोहात पोलीस ठाण्याची पायरी चढू नका.

आता निवड कोणती? कंपन्यांनी वापरून काढलेले डेल लॅटिट्यूड, लेनोवो थिंकपॅड, एचपी एलिटबुक हे कार्यालयीन वापराचे प्रकार बांध्याने दणकट असतात. पण नाव मोठे म्हणून तपासणी सोडू नका. वरची अडचण कंपनीतून आलेल्या मालातच येते.

घरी उजळणीसाठी तीन प्रश्न : प्रोसेसर कितव्या पिढीचा? बॅटरीची आजची ताकद किती? रीसेटनंतर कोणाचे नाव आले? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत पैसे खिशातच राहू द्या. ऊस वर्षभर पोसावा लागतो. त्याचा पैसा एक तास पारखूनच खर्च करावा.