पुढे काहीच नसताना गाड्या का थांबतात?

प्रश्न : आमचं घर कुंभकोणममध्ये, सारंगपाणी कोविलपासून जवळच. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, घरी अजून तंजावरी मराठी बोलतो. लग्नाच्या मुहूर्ताचा दिवस असला की बाजारातून जाताना गाड्या मधेच खोळंबतात. अपघात नाही, फाटक नाही, आडवी गाय नाही. थोड्या वेळानं आपोआप सुटतात. पुढे जाऊन पाहावं तर काहीच नसतं! हे कसं होतं? आणि दुसरं असं, की त्या दिवशी घरी परतल्यावर आमच्या ह्यांचा बी.पी. हमखास वाढलेला असतो. डॉक्टर म्हणतात मीठ कमी करा, मी म्हणते हॉर्न कमी करा. माझ्या म्हणण्यात काही शास्त्र आहे का, की माझं आपलं उगाच?
— एक वाचक, कुंभकोणम

उत्तर : उगाच मुळीच नाही. पण आधी खोळंब्याचं पाहू, कारण बी.पी.चं उत्तर निम्मं त्यातच आहे.

पुढे काही नसताना होणारी कोंडी जपानी संशोधकांनी मुद्दाम घडवून दाखवली आहे. नागोया विद्यापीठातल्या युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३० मीटर परिघाच्या एका गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या. चालकांना सूचना एकच : साधारण ताशी ३० किलोमीटर वेगानं, पुढच्याशी सुरक्षित अंतर ठेवून चालवत राहा. ना सिग्नल, ना चौक, ना खड्डा. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग कुणाचा तरी वेग किंचित कमी झाला आणि बघता बघता चार-पाच गाड्या पूर्ण थांबल्या. पुढच्या सुटत होत्या, मागच्या येऊन अडकत होत्या आणि ती थांबलेल्यांची गाठ गाड्यांच्या उलट दिशेनं, ताशी सुमारे २० किलोमीटर वेगानं, मागे मागे सरकत होती. हा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला.

कारण साधं आहे. पुढच्यानं ब्रेक लावला हे दिसून आपला पाय ब्रेकवर जाईपर्यंत एखादा सेकंद जातो. तेवढ्यात अंतर घटलेलं असतं, म्हणून आपण त्याच्यापेक्षा जरा जोरात ब्रेक दाबतो. आपल्या मागचा आणखी जोरात. असं करत करत दहावा-बारावा थेट थांबतो. गाड्यांमध्ये ऐसपैस अंतर असेल तर हा धक्का वाटेतच विरतो; दाटी असेल तर तो वाढत जातो. तुम्ही जिथं अडकता तिथं कारण नसतंच. ते कधीच पुढे निघून गेलेलं असतं, बहुधा स्वतःच्या पराक्रमाचा पत्ताही नसलेल्या एखाद्या माणसासोबत.

या लाटेचं गणित नदीच्या पुराच्या गणिताशी जोडलेलं आहे, हे उत्तरेला कावेरी आणि दक्षिणेला अरसलार असलेल्या गावच्या माणसाला सांगायला मला विशेष आवडेल. जेम्स लाइटहिल आणि जेराल्ड व्हिटम या दोन ब्रिटिश गणितज्ञांनी १९५५ साली एकाच विषयावर जोडनिबंध लिहिले. पहिला लांब नद्यांमधून पुराची लाट कशी सरकते यावर, दुसरा लांब गजबजलेल्या रस्त्यांवरच्या वाहतुकीवर. पुढच्याच वर्षी पॉल रिचर्ड्‌स स्वतंत्रपणे त्याच समीकरणापर्यंत पोचले. त्याही आधी, १९३०च्या दशकात, ब्रूस ग्रीनशील्ड्‌स यांनी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात रस्त्याकडेला कॅमेरा लावून गाड्यांची दाटी आणि वेग यांचा संबंध मांडला होता. दाटी वाढते तसा वेग घटतो, हे कुणीही सांगेल. त्यांच्या मांडणीतली खुबी पुढे आहे : एका तासात रस्त्यावरून पार होणाऱ्या गाड्यांची संख्या दाटीबरोबर आधी वाढते, एका बिंदूला कळस गाठते आणि मग उतरू लागते. त्या बिंदूनंतर रस्त्यावर आलेली प्रत्येक नवी गाडी स्वतः तर अडकतेच, शिवाय पार होणाऱ्या गाड्यांचा आकडाही खाली आणते. मुहूर्ताच्या सकाळी तुमचा बाजार त्या बिंदूच्या पलीकडे गेलेला असतो.

आता आपल्याकडचा फरक. नागोयातल्या गाड्या एकामागे एक होत्या. कुंभकोणमच्या रस्त्यावर ‘एकामागे एक’ ही कल्पनाच नाही. टाउन बसच्या डाव्या अंगाला दोन दुचाक्या, उजवीकडून शेअर ऑटो, मधल्या फटीतून फुलांची टोपली हँडलला अडकवलेली सायकल. त्यामुळे मद्रास आयआयटीचे व्ही. तमिळ अरसन यांच्यासारख्या अभियंत्यांनी आपल्या रस्त्यांसाठी किलोमीटरमागे किती गाड्या हे मोजण्याऐवजी रस्त्याचं किती क्षेत्रफळ वाहनांनी व्यापलंय ते मोजायची पद्धत वापरली. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या १९९०च्या शहरी रस्त्यांच्या निकषांत मोटारगाडीला १ धरलं तर दुचाकी ०.५ ते ०.७५, ऑटोरिक्षा १.२ ते २ आणि हातगाडी २ ते ३ धरलेली आहे. म्हणजे केळीचे घड लादलेली एक हातगाडी रस्त्याच्या हिशेबात तीन मोटारींना भारी पडू शकते. तिला शिव्या देण्याआधी एवढंच ध्यानात घ्या, की तुमच्या कोविलभोवतीच्या रथाच्या वाटा वर्षातून ठराविक दिवशी रथ ओढायला आणि एरवी पायी चालायला आखल्या गेल्या. हातगाडी त्या रस्त्याची जुनी रहिवासी आहे. मोटार उपरी.

दुचाक्या फटीत घुसतात म्हणून रस्ता वाहता राहतो, हे खरं. पण त्याच दुचाक्या चौकाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी येऊन पुढची मोकळी जागा भरून टाकतात आणि मग कुणालाच वळता येत नाही. त्यावर ‘रस्ता रुंद करा’ हा उपाय लगेच सुचतो. गोपुरं आणि शंभर वर्षांची घरं पाडल्याशिवाय तुमच्याकडे तो शक्य नाही, आणि पाडूनही फार काही हाती लागेल असं मला वाटत नाही. ड्युरांटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली अमेरिकी शहरांच्या आकडेवारीवरून दाखवलं, की महामार्ग जितके वाढले जवळपास तितक्याच प्रमाणात गाड्यांचं फिरणंही वाढलं.

दाटीचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या गावची एक आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८ फेब्रुवारी १९९२ला महामहमच्या स्नानाच्या वेळी तलावाकाठी चेंगराचेंगरी होऊन सुमारे पन्नास माणसं गेली. माणसांच्या गर्दीतही थांब-चालीच्या त्याच लाटा उठतात. २००६ साली मक्केजवळच्या मीना इथं झालेल्या दुर्घटनेचं चित्रीकरण डर्क हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी तपासलं. आधी सुरळीत प्रवाह, मग थांब-चाल, मग सगळ्या दिशांनी बसणारे धक्के, असा क्रम त्यांना दिसला. थांब-चाल हा तिथं धोक्याचा पहिला इशारा ठरतो. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की माणूस स्वतःच्या पायानं चालत नाही, गर्दी त्याला नेते. गाड्यांच्या कोंडीत आपण फक्त वैतागतो, कारण मध्ये पत्रा असतो. पुढचं महामहम २०२८ साली आहे आणि त्याच्या आदल्या वर्षी नाशिकचा सिंहस्थ. दोन्हीकडच्या बंदोबस्तवाल्यांनी कॅमेऱ्यावर आधी या थांब-चालीवरच नजर ठेवायला हवी.

आता बी.पी. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथं डॅनियल स्टोकोल्स, रेमंड नोव्हाको आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात कामावर गाडीनं जाणाऱ्यांचा अभ्यास केला. प्रवासात जितका अडथळा जास्त, तितका रक्तदाब चढा आणि कामावर पोचल्यावरची चिकाटी कमी, असा संबंध त्यांना आढळला. माणसाच्या स्वभावानुसार तो कमी-जास्त होत होता. पुढे गॅरी इव्हान्स आणि रिचर्ड वेनर यांनी न्यू जर्सीहून मॅनहॅटनला रेल्वेनं जाणाऱ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तपासलं. प्रवास बेभरवशाचा वाटणाऱ्यांचा ताण जास्त निघाला. रोज पाऊण तास लागतो हे ठाऊक असेल तर माणूस त्याची तयारी ठेवतो. वीस मिनिटं लागतील की तासभर, हे ठाऊक नसेल तर शरीर सारखं सावध राहतं. मुहूर्ताचा दिवस हा नेमका दुसऱ्या जातीचा.

आणि हॉर्न? यावरचा माझा आवडता प्रयोग डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांचा, त्यांच्या १९७२च्या पुस्तकातला. काही लोकांना मोठ्या आवाजात बसवून कामं दिली. काहींना आवाज ठराविक अंतरानं ऐकू येई, काहींना केव्हाही. आवाज चालू असताना दोन्ही गटांनी काम नीट केलं. माणसाला सवय होते म्हणतात ती हीच. फरक पडला नंतर, शांततेत. केव्हाही आवाज ऐकलेल्यांनी अवघड कोडी लवकर सोडून दिली, मुद्रितशोधनात चुका जास्त ठेवल्या. मग आणखी एका गटाला एक बटण दिलं : हे दाबलंत तर आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. त्यांनी ते दाबलं नाही, तरी त्यांच्यावर नंतरचा परिणाम बराच कमी दिसला. आवाज तोच होता. तो थांबवणं आपल्या हातात आहे, एवढ्या भरवशानं फरक पडला. तुमच्या यजमानांना बाजारात हे बटण नाही, आणि त्याची किंमत ते घरी आल्यावर चुकवतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली रस्त्यावरच्या वाहतुकीचा आवाज दिवस-रात्र सरासरीनं ५३ डेसिबलच्या खाली ठेवायची शिफारस केली, ती मुख्यतः आवाजाचा तीव्र त्रास होणाऱ्या लोकांच्या प्रमाणावरून. आपल्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. हृदयाबाबत पुरावा भक्कम आहे, झोपेबाबतही. आवाजानं नैराश्य येतं का, याचा पुरावा मात्र अजून कच्चा आहे. तसं ठामपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मीठही सोडू नका, म्हणजे कमी करण्याचा सल्ला सोडू नका. डॉक्टर बरोबर आहेत. आप्पळम आणि लोणचं आवरा.

पण रस्त्याचा मनावर होणारा सगळ्यात खोल परिणाम मला वेगळाच वाटतो. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्याच रस्त्यांवर घरोघर जाऊन विचारलं, या रस्त्यावर तुमचे मित्र किती? दिवसाला सुमारे २,००० गाड्यांच्या रस्त्यावर सरासरी तीन मित्र आणि सहाच्या वर ओळखीचे निघाले. १६,००० गाड्यांच्या रस्त्यावर मित्र एकाहून कमी, ओळखीचे तीन. कुणी कुठं राहायला जावं यामागे इतरही कारणं असतात, तेव्हा सगळं खापर गाड्यांवर फोडता येणार नाही. तरी तुमच्या अग्रहारातल्या जुन्या घरांचं तिण्णै आठवा. दारापुढचा तो ओटा, लाकडी खांबांना टेकून डिग्री कॉफीचा डबरा समोर घेऊन बसायचा. आज ज्या घरांपुढे ते शिल्लक आहे, तिथं संध्याकाळी माणूस बसलेला असतो की मोटारसायकल लावलेली असते, हे एकदा मोजा. शेजारी बोलायला न मिळणं हा सार्वजनिक आरोग्याचाच प्रश्न आहे. तो फक्त दवाखान्याच्या वहीत लिहिला जात नाही.

उपाय आहेत, थोडे गमतीदारही. मुंबई वाहतूक पोलिसांनी काही चौकांत असे सिग्नल लावले होते, की हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू. जास्त वाजवा, जास्त थांबा. त्याची चित्रफीत २०२०च्या जानेवारीत देशभर फिरली. अमेरिकेतल्या ॲरिझोनात नागोयासारख्याच गोल रस्त्यावर वीसेक गाड्यांमध्ये एक संगणकाच्या ताब्यातली गाडी सोडली. तिनं अंतर राखून एकसारखा वेग ठेवला आणि थांब-चालीची लाट जवळपास मोडली. बाकीचे चालक नेहमीसारखेच चालवत होते. तेव्हा तुमचे यजमान स्कूटरवर पुढच्याला न चिकटता सावकाश, एका वेगानं गेले तर मागच्या रांगेवर ते उपकारच करतील. मागचा हॉर्न वाजवेल ते वेगळं.

महापालिकेकडे मागायचं असेल तर उड्डाणपूल मागू नका. मुहूर्ताच्या दिवशी कोविलभोवतीच्या एक-दोन वीथ्या सकाळचे चार तास वाहनांना बंद ठेवा, मालाच्या हातगाड्यांना पहाटेची वेळ ठरवून द्या, एवढं मागा.

यजमानांचा बी.पी. बाहेरून आल्या आल्या मोजू नका. अर्धा तास शांत बसवून, पाठ टेकवून मोजा, आणि मुहूर्त नसलेल्या दिवशीही मोजून दोन्ही आकडे डॉक्टरांना दाखवा. चिडचिड, धडधड किंवा झोप न लागणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर केंद्र सरकारच्या टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, फोनला पैसे पडत नाहीत, आणि तमिळमध्येही बोलता येतं, मराठीतही.