तरुण स्त्रियांतील टाइप वन मधुमेह आणि अस्थिधातूचे रक्षण

प्रास्ताविक

प्रमेहाचा रुग्ण समोर येताच अपतर्पण, रूक्ष आहार आणि मेदोहर औषधे यांचा विचार वैद्याच्या मनात प्रथम येतो. स्थूल प्रमेहीच्या बाबतीत तो योग्यच आहे. परंतु बालवयात टाइप वन मधुमेह जडलेली कृश तरुणी ही वेगळी रुग्णा होय. चरकाचार्यांनी स्थूल व कृश प्रमेही असा भेद करून कृशास बृंहण सांगितले आहे. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यास अस्थिधातूची जी हानी होते, ती अनेक वर्षे लक्षातही येत नाही.

विकृतीचे स्वरूप

टाइप वनमध्ये शरीराची रोगप्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील बीटा पेशींचा नाश करते व इन्सुलिन जवळजवळ संपते. इन्सुलिन केवळ साखर उतरवीत नाही. अस्थी घडविणाऱ्या पेशींनाही ते पोषक असते. अस्थिसंचयाचा मोठा भाग किशोरवयातच होतो आणि साधारणतः तिशीपर्यंत तो पूर्ण होतो. नेमक्या याच काळात इन्सुलिनचा अभाव व वाढलेली साखर राहिल्यास संचय अपुरा राहतो. मूत्रावाटे कॅल्शियम अधिक जाते. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने अस्थीतील कोलॅजनचा दर्जाही बिघडतो. त्यामुळे घनत्व फारसे कमी नसतानाही अस्थिभंगाचा धोका वाढतो.

अमेरिकेतील आयोवा राज्यातील रजोनिवृत्त स्त्रियांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टाइप वन असलेल्यांमध्ये खुब्याच्या अस्थिभंगाचे प्रमाण सुमारे १२ पट आढळले. मात्र त्यात अशा स्त्रियांची संख्या अल्प होती. २००७ मधील दोन एकत्रित आढाव्यांत हा धोका सहा ते सात पट दिसला. पन्नाशीनंतरच्या या भंगाचे बीज पंधराव्या-विसाव्या वर्षी पडलेले असते.

आयुर्वेदीय दृष्टीने अस्थी हे वायूचे आश्रयस्थान. इतर धातूंच्या उलट येथे वायू वाढला की अस्थी क्षीण होते. मधुमेहात धातुक्षयाने वायू वाढतोच. त्यात रूक्ष व लंघनप्रधान चिकित्सेची भर घातल्यास अस्थिक्षयास आपणच हातभार लावतो.

परीक्षण

केस, नखे व दंत यांची झीज, संधिशैथिल्य, पूर्वीचा अस्थिभंग आणि अनियमित आर्तव यांविषयी आवर्जून विचारावे. ‘ड’ जीवनसत्त्व व थायरॉइड यांची तपासणी करवून घ्यावी. टाइप वनच्या रुग्णांत गव्हातील ग्लूटेन न सोसणारा सीलिअ‍ॅक विकार इतरांहून अधिक आढळतो. वारंवार अतिसार, पांडुता किंवा वजन न वाढणे दिसल्यास त्याची चाचणी करावी. यव हे प्रमेहातील प्रसिद्ध पथ्य. पण त्यातही ग्लूटेन असते, म्हणून अशा रुग्णेस ते अपथ्यच ठरते. डेक्सा तपासणी केल्यास तरुण स्त्रीत टी-स्कोअर नव्हे, तर झेड-स्कोअर पाहावा.

चिकित्सासूत्र

१. इन्सुलिन कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये. ते थांबल्यास काही तासांत ते दिवसांत कीटोॲसिडोसिस होऊन प्राणावर बेतते. आपली औषधे ही त्यास जोड होय, पर्याय नव्हे.

२. आहारात दूध, ताक, नाचणी, तीळ व शेवग्याची पाने असावीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीस रोज १००० मि.ग्रॅ. कॅल्शियम हवे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मि.ग्रॅ. मिळते, मात्र तिच्यातील पिष्टाचा हिशेब इन्सुलिनच्या मात्रेत धरावा.

३. भरभर चालणे, जिने चढणे, वजन उचलणे यांनी अस्थी बळावतात. व्यायामापूर्वी साखर तपासावी. ती ९० मि.ग्रॅ.हून कमी असल्यास आधी खावे.

४. अस्थिक्षयात तिक्तद्रव्यसिद्ध क्षीरबस्ती व घृत शास्त्रोक्त आहेत. परंतु बस्तीसाठी इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णेस उपाशी ठेवू नये; साखर एकाएकी उतरते. तिक्त औषधे सुरू करताना साखरेची नोंद अधिक वेळा ठेवावी.

औषधालयचालकांसाठी

आसव, अरिष्ट व अवलेह यांत गूळ वा साखर असते, हे सांगूनच ती द्यावीत. शंख, शौक्तिक व प्रवाळ भस्मांत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते. रुग्णा कॅल्शियमच्या गोळ्याही घेत असल्यास एकूण मात्रा वैद्यास कळवावी, आणि थायरॉइडची गोळी व ही भस्मे यांत चार तासांचे अंतर ठेवण्यास सांगावे. सांधेदुखीवरील निनावी पुड्या दुकानात ठेवू नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ आढळली आहे, आणि स्टेरॉइडने साखर वाढते व अस्थीही झिजते.

निष्कर्ष

टाइप वनच्या तरुणीत साखरेइतकेच अस्थीकडे लक्ष देणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. इन्सुलिन अखंड ठेवून, कृशास कृशासारखे जपून बृंहण केले, तर तारुण्यातील अस्थिसंचय तिला उतारवयात आधार देईल. प्रमेहाच्या प्रत्येक रुग्णपत्रिकेवर ‘स्थूल की कृश’ ही नोंद प्रथम करण्याचा परिपाठ वैद्यबंधु-भगिनींनी ठेवावा.