श्रोत्यांचा आवाज

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब नावाचे गाव आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली येथे झाला, म्हणून त्यास जांब समर्थ असे म्हणतात. या गावी काय किंवा मराठवाड्यातील इतर कोणत्याही गावी काय, सप्ताहाच्या दिवसांत देवळापुढे कीर्तन उभे राहिले म्हणजे दुरून पाहणाऱ्यास वाटते, की कीर्तनकार बुवा एकटेच बोलत आहेत आणि बाकीचे सारे मुकाट्याने ऐकत आहेत. वस्तुतः तसे मुळीच नसते. बुवांनी चरण अर्ध्यावर सोडला, की मागे उभे असलेले टाळकरी तो उचलतात. बुवांनी हात वर केला, की सारा समुदाय नामघोष करतो. दृष्टांत रंगला, तर श्रोत्यांच्या माना डोलतात. लांबला, तर मागच्या रांगेतील म्हातारे पेंगू लागतात. चतुर कीर्तनकार हे सर्व पाहत असतो. कोठे तो चाल बदलतो, कोठे कथा आवरती घेतो. बोलणारा एक आणि ऐकणारे दोनशे असले, तरी त्या दोनशे जणांचे म्हणणे त्याच्यापर्यंत क्षणोक्षणी पोहोचत असते.

पुढे ध्वनिक्षेपक आला. बुवांचा आवाज देवळाच्या आवाराबाहेर, पार वेशीपर्यंत जाऊ लागला. ही सोय मोठी होती. परंतु तिच्यात एक उणीवही होती. वेशीजवळ ओट्यावर बसून ऐकणारा माणूस हसला की कंटाळून उठून गेला, हे बुवांना कळण्यास मार्ग उरला नाही. रेडिओने तर एकाच वक्त्याचा आवाज लक्षावधी घरांत नेला आणि त्या लक्षावधींपैकी एकाचाही चेहरा वक्त्यास दिसेनासा झाला. यंत्रांनी बोलणाऱ्याचा आवाज मोठा केला. ऐकणाऱ्याचा आवाज मात्र होता तेथेच राहिला.

ही उणीव दूर करण्याचा एक चमत्कारिक प्रयत्न अमेरिकेत झाला. १९३० नंतरच्या दशकात पॉल लाझार्सफेल्ड हे समाजशास्त्रज्ञ आणि फ्रँक स्टँटन हे नभोवाणीतील अधिकारी यांनी मिळून एक यंत्र तयार केले. काही श्रोत्यांना एका खोलीत बसवीत आणि प्रत्येकाच्या हाती दोन कळी देत; एक हिरवी व एक तांबडी. कार्यक्रम चालू असताना जे आवडेल तेथे हिरवी कळ दाबावयाची, जे आवडणार नाही तेथे तांबडी. यंत्र त्या खुणांची नोंद करीत असे. कोणत्या मिनिटाला श्रोते खूष होते आणि कोणत्या मिनिटाला नाराज, हे मागाहून नेमके सांगता येई. युक्ती नामी खरी. पण ती अपुरी होती. तांबडी कळ दाबणाऱ्यास आपण नाराज का आहोत हे सांगता येत नव्हते, आणि त्यास जर काही विचारावयाचे असेल, तर त्यासाठी तिसरी कळ नव्हती.

ऐकणाऱ्यास विचारता यावे यासाठी जे केले गेले, त्याचे एक उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले. १९५६ सालच्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत पुण्याच्या नभोवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० खेडी त्यासाठी निवडली होती. प्रत्येक खेड्यात एक श्रोतृमंडळ स्थापन केले गेले. मंडळात जास्तीत जास्त वीस सभासद असत आणि त्यांच्यापैकी एक जण निमंत्रकाचे काम पाही. कल्पना मूळची कॅनडातील. तेथे १९४१ पासून १९६५ पर्यंत शेजारीपाजारी शेतकरी हिवाळ्याच्या रात्री एकाच्या घरी जमून रेडिओ ऐकत, चर्चा करीत आणि आपली मते केंद्राकडे कळवीत. परंतु कॅनडातील शेतकरी आणि सह्याद्रीच्या पायथ्याचा शेतकरी यांच्या परिस्थितीत जमीनअस्मानाचे अंतर होते. तिकडची रीत इकडे चालेल काय, हाच प्रश्न होता.

आठवड्यातून दोन वेळा, रविवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. विषय शेतीचे, आरोग्याचे, शिक्षणाचे, ग्रामपंचायतीच्या कारभाराचे. कार्यक्रम संपला म्हणजे कोणी उठून जात नसे. रेडिओ बंद करून सभासद तेथेच बसत आणि ऐकलेल्या गोष्टींवर बोलू लागत. सांगितलेले आपल्या रानात लागू पडेल काय? खर्च किती येईल? शेजारच्या गावी कोणी करून पाहिले आहे काय? निमंत्रक या चर्चेचा वृत्तांत लिहून काढी आणि उरलेले प्रश्न पुण्यास धाडी. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. आपल्या गावाचा प्रश्न रेडिओवर ऐकू येणे ही त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हती. जे यंत्र आजवर नुसते बोलत होते, ते आता ऐकूही लागले होते.

या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली आणि तिचे प्रमुख होते पॉल न्यूरथ. हे गृहस्थ मूळचे व्हिएन्नाचे. हिरव्या-तांबड्या कळींचे यंत्र काढणाऱ्या लाझार्सफेल्ड यांच्यापाशीच त्यांनी संशोधनाचे धडे घेतले होते. न्यूरथ यांनी मोठ्या काटेकोरपणे तुलना केली. काही खेड्यांत श्रोतृमंडळे होती. काहींत रेडिओ होता, परंतु मंडळ नव्हते. काहींत रेडिओही नव्हता. तिन्ही प्रकारच्या खेड्यांतील लोकांना प्रयोगापूर्वी आणि प्रयोगानंतर तेच प्रश्न विचारण्यात आले. मंडळे असलेल्या खेड्यांतील लोकांच्या माहितीत ठळक भर पडलेली आढळली; ज्या खेड्यांत रेडिओ होता पण चर्चा नव्हती, तेथे त्या मानाने फारच थोडी. एकच आवाज, एकच कार्यक्रम, आणि तरीही फळ निराळे! आणखी एक गोष्ट न्यूरथ यांना दिसून आली. काही गावांत ही मंडळे केवळ ऐकणारी राहिली नाहीत. गावाने काय करावे याचा विचार तेथे होऊ लागला, आणि निर्णयही होऊ लागले.

प्रयोगाचे यश पाहून १९५९ पासून देशभर अशी मंडळे काढण्यात आली. संख्या वाढली, पण काळजी तेवढी वाढली नाही. संच बिघडले तर दुरुस्त करणारा वेळेवर येईना. प्रश्न धाडला तर उत्तर येण्यास विलंब लागू लागला. अनेक मंडळे हळूहळू थंडावली. जो प्रश्न विचारतो, त्यास उत्तर मिळाले नाही, तर तो दुसऱ्यांदा विचारीत नाही. हे रेडिओच्या बाबतीत खरे होते, तसेच पुढे आलेल्या प्रत्येक यंत्राच्या बाबतीत खरे ठरले आहे.

१९५६ च्या त्या प्रयोगात जालन्याचे नाव नव्हते, आणि त्याचे कारण उघड आहे. त्या वेळी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. तो मुंबई राज्यास जोडला गेला त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला. स्वतंत्र जालना जिल्हा तर १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. परंतु ऐकणाऱ्यास विचारता यावे ही गरज या जिल्ह्याइतकी दुसरीकडे क्वचितच असेल. येथील पाऊस बेभरवशाचा आणि जमिनीखाली काळा कातळ. २०१२-१३ च्या दुष्काळात येथील मोसंबीच्या बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या. वर्षानुवर्षे जपलेले झाड एका उन्हाळ्यात जळून जाते. तेव्हा व्यासपीठावरून कोणी सल्ला देऊ लागला, तर तो नीट समजला की नाही, यावर एखाद्या घराचे पुढील दहा वर्षांचे पोट अवलंबून असते.

जालन्यानजीक खरपुडी येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ ही संस्था ते चालविते. तेथे शेतकऱ्यांचे मासिक चर्चासत्र भरते. ‘चर्चासत्र’ हे नाव लक्षात घेण्याजोगे आहे. ते ‘व्याख्यान’ नव्हे. अशा सभेत आता पडद्यावर चित्रे दाखविता येतात. एवढेच नव्हे, तर शेतकरीही आपल्या मोबाइलवर टिपलेले रोगट पानाचे छायाचित्र तज्ज्ञांपुढे धरू शकतो. पूर्वी तो म्हणे, ‘पान पिवळे पडते.’ पण पिवळे पडण्याचे प्रकार दहा. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, की सबंध पानच पिवळे होते, हे शब्दांनी सांगणे कठीण. छायाचित्र ते एका क्षणात सांगते, आणि एकाचा प्रश्न पडद्यावर आला, की त्याच रोगाने गांजलेले दुसरे चौघे पुढे सरसावतात.

शाळेच्या वर्गात अशीच सोय करणारी एक साधी युक्ती आज उपलब्ध आहे. तिचे नाव प्लिकर्स. तिच्यासाठी मुलांपाशी मोबाइल असण्याची गरज नाही. तो फक्त शिक्षकांपाशी असला म्हणजे झाले. प्रत्येक मुलास कागदाचे एक कार्ड मिळते. त्यावर काळ्या चौकोनांची एक ठिपक्याठिपक्यांची आकृती असते आणि प्रत्येक कार्डावरील आकृती निराळी. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. मुलाने आपल्यास जे उत्तर योग्य वाटेल ती बाजू वर करून कार्ड उंच धरावयाचे. शिक्षक मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून एकदा फिरवितात. आकृतीवरून कार्ड कोणाचे ते कळते आणि ती कोणत्या बाजूस वळली आहे यावरून उत्तर कळते. बरोबर उत्तरे पडद्यावर हिरवी दिसतात, चुकलेली तांबडी. लाझार्सफेल्ड यांचेच दोन रंग! चाळीस मुलांची उत्तरे अर्ध्या मिनिटात जमा होतात, आणि शेजारच्या मुलास मात्र आपल्या सोबत्याचे उत्तर सहजी वाचता येत नाही. नेहमी हात वर करणारी चार हुशार मुले असतात. बाकीची त्यांच्या आड लपतात. काही भीतीने, काही सवयीने. कार्डाच्या आड मात्र लपता येत नाही आणि चुकले तर सर्वांसमक्ष लाजावेही लागत नाही.

आता समजा, जालन्याच्या एखाद्या शाळेत शिक्षकांनी असा प्रश्न विचारला: गावात मोसंबीच्या बागेसाठी आणखी वीस विंधन विहिरी घेतल्या, तर गावाच्या जमिनीतील पाणी वाढेल, घटेल, तेवढेच राहील, की सांगता येणार नाही? ज्याच्या घरी विंधन विहिरीस पाणी लागल्यावर पेढे वाटले गेले असतील, तो मुलगा ‘वाढेल’ हीच बाजू वर करील, आणि अशी मुले थोडी नसतील. नुसते विचारून ‘समजले ना?’ म्हटले असते, तर सर्वांनी ‘होय’ म्हटले असते. पडद्यावरील तांबडा रंग मात्र खरे काय ते सांगतो.

येथे उत्तर सांगून मोकळे होण्याचा मोह शिक्षकांस होतो. हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझूर या प्राध्यापकांनी १९९१ पासून एक निराळी पद्धत वापरली. प्रथम प्रत्येकाने आपले उत्तर द्यावयाचे. मग ते बरोबर की चूक हे न सांगता प्रत्येकास शेजाऱ्याशी वाद घालू द्यावयाचा. आणि नंतर तोच प्रश्न पुन्हा विचारावयाचा. पुण्याच्या श्रोतृमंडळांत रेडिओ बंद झाल्यावर जे घडत होते, तेच हे. मोसंबीच्या प्रश्नावर वर्गात कलकलाट सुरू होतो. एक म्हणतो, विहीर पाणी तयार करीत नाही, ते नुसते वर काढते. दुसरी म्हणते, खाली तेच भांडे आहे. नळ्या अधिक लावल्या म्हणून भांडे भरत नाही. दुसऱ्या वेळी पडदा पुष्कळसा हिरवा होतो. गुणांचे फलक, टाळ्यांचे आवाज, पहिला-दुसरा क्रमांक असल्या गमतीही अशा साधनांत असतात. त्यांनी वर्ग जागा होतो खरा, पण मुले प्रश्नाऐवजी क्रमांकाकडे पाहू लागली, तर त्या गमती बंद ठेवलेल्या बऱ्या. वीज गेली किंवा मोबाइलला संपर्क मिळाला नाही, तर मुलांना हात वर करावयास सांगून उत्तरे मोजता येतात. काम थोडे सावकाश होते, एवढेच.

मात्र कार्डास बाजू चारच असतात. कोणी मागील बाकावरून विचारले, ‘गुरुजी, पावसाचे पाणी अडवून जमिनीत मुरविले, तर ते भांडे भरेल काय?’ तर हे विचारण्यास कार्डावर जागा नाही. तेव्हा मोबाइल खाली ठेवून तो प्रश्न फळ्यावर लिहावा लागतो. त्याचे उत्तर जालना तालुक्यातील कडवंची या गावी प्रत्यक्ष पाहावयास मिळते. १९९६ च्या सुमारास तेथे पाणलोटाचे काम सुरू झाले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणले गेले, बांध घातले गेले, पुढे शेततळी झाली. आणि ज्या शिवारात पूर्वी पावसावरच सारी भिस्त होती, तेथे आता द्राक्षांचे मळे उभे आहेत.