घारीच्या नजरेंतून मोटारींची शर्यत

चित्रपडद्यावर मोटारी पळविण्याच्या खेळांचे मुख्यत्वेंकरून दोन प्रकार आढळतात. एकांत खेळणारा जणू गाडीच्या आंत किंवा तिच्या पाठीमागें बसलेला असतो. समोर क्षितिज, दुतर्फा झाडें, वर आकाश, असा सर्व देखावा त्यास दिसतो. दुसऱ्यांत तो घिरट्या घालणाऱ्या घारीप्रमाणें रस्त्याकडे वरून पाहतो, आणि खालीं बोटाएवढी गाडी धांवत असते. पहिला प्रकार थाटाचा व बहुधा खर्चाचा. त्यास भारी यंत्र लागतें. दुसरा स्वस्त, आणि म्हणूनच पुष्कळांच्या मतें हलका. आमचें मत याहून निराळें आहे. गाडी वळविण्याचें शास्त्र ज्यास समजून घ्यावयाचें असेल, त्यानें आधीं ह्या स्वस्त खेळाकडेच वळावें, असें आम्हांस वाटतें.

ह्या खेळाचा इतिहास अगदींच अलीकडचा नाहीं. १९७४ सालीं अमेरिकेंतील अटारी कंपनीनें ‘ग्रॅन ट्रॅक १०’ नांवाचें यंत्र काढिलें. नाणें टाकावें आणि खेळावें, अशी योजना. पडदा काळापांढरा, शर्यतीचा सर्व मार्ग एकाच पडद्यावर ठिपक्यांनीं आंखलेला, खेळणाऱ्यापुढें मात्र स्टिअरिंगचें खरेंखुरें चाक, पायाखालीं वेगाचें व ब्रेकचें पेडल, आणि हाताशीं गिअरचा दांडा. प्रतिस्पर्धी कोणी नाहीं, शर्यत घड्याळाशीं. पुढें १९८६ च्या ‘सुपर स्प्रिंट’मध्यें तीन चाकें शेजारीं शेजारीं बसविलीं गेलीं व तीन मित्रांस एकदम खेळतां येऊं लागलें. मध्यंतरीं, १९८४ मध्यें, जपानच्या कोनामी कंपनीनें ‘रोड फायटर’ काढिला होता. त्यांतील रस्ता पडद्यावर मावत नाहीं. तो वरून खालीं सरकत येतो, आणि पेट्रोल संपण्यापूर्वीं मुक्काम गांठावा लागतो. १९९० नंतरच्या दशकांत टेलिव्हिजनला जोडावयाच्या स्वस्त कॅसेट-यंत्रांतून हा खेळ आपल्याकडील अनेक घरांत पोंचला. त्याहूनही स्वस्त म्हणजे हातांत धरावयाचा ‘ब्रिक गेम’. उभ्या दहा व आडव्या वीस ओळींच्या चौकटींत चार चौकोन इकडे, दोन तिकडे, कीं झाली मोटार! तरी ती वांचविण्यासाठीं मुलें जीव टाकीत.

हा प्रकार स्वस्त कां, याचें उत्तर भूमितींत आहे. वरून पाहिलेला रस्ता म्हणजे सपाट नकाशा. दूरच्या वस्तु लहान व जवळच्या मोठ्या दाखविण्याची यातायात येथें नाहीं. घरांच्या भिंती नाहींत, आकाश नाहीं. गाडीचीं सोळा दिशांस तोंड केलेलीं सोळा चित्रें काढून ठेवलीं, तर प्रत्येक साडेबावीस अंशांस एक याप्रमाणें तिचें संपूर्ण वळण दाखवितां येतें. एवढें काम साधें यंत्रही करूं शकतें, आणि एकटा मनुष्यही असा खेळ रचूं शकतो.

नवख्याची पहिली फजिती होते ती डाव्या-उजव्याची. गाडी पडद्यावर खालून वर जात आहे तोंपर्यंत सर्व ठीक. उजवी कळ दाबली कीं ती उजवीकडे वळते. परंतु वळसा घालून ती आपल्याकडे तोंड करून खालीं येऊं लागली, म्हणजे तीच उजवी कळ तिला आपल्या डाव्या हाताकडे नेते, आणि गाडी कुंपणावर आदळते. मुलगा म्हणतो, यंत्र बिघडलें! यंत्र बिघडलेलें नसतें. कवाईतीचे मास्तर वर्गाकडे तोंड करून उभे राहिले म्हणजे त्यांचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूस येतो, तोच हा प्रकार. कांहीं मुलें अशा वेळीं मान वांकडी करतात, कोणी तर हातांतील यंत्रच उलटें धरतात. हें हंसण्यासारखें दिसलें तरी त्यांत शहाणपण आहे. आपली दिशा व गाडीची दिशा एक करण्याचा तो प्रयत्न असतो. थोड्या सरावानें मान सरळ राहते आणि मनच गाडींत जाऊन बसतें. दक्षिणेकडे तोंड केलें असतां डाव्या हातास पूर्व येते, हें नकाशा पाहून चटकन् सांगतां येत नाहीं असे विद्यार्थी प्रत्येक वर्गांत असतात. त्यांस भूगोलाच्या तासापेक्षां हा खेळ अधिक उपयोगीं पडेल, असें म्हटल्यास भूगोलाच्या शिक्षकांनीं रागावूं नये. कित्येक खेळांत ज्या दिशेची कळ दाबावी त्या दिशेस गाडी जाते, अशी सोय असते. ती सोपी खरी, पण शिकण्यासारखें तींत फारसें नाहीं.

दुसरी गोष्ट वळणाची. बाहेरच्या कडेनें वळणांत शिरावें, मध्यावर आंतली कड गांठावी, आणि सुटतांना पुन्हां बाहेरच्या कडेस जावें, हा शर्यतीचा प्रसिद्ध नियम. गाडींत बसून पाहणाऱ्यास तो पाठ करावा लागतो. वरून पाहणाऱ्यास तो डोळ्यांनीं दिसतो. रस्त्याची रुंदी तीच राहूनही गाडीच्या वाटेचा बांक मोठा होतो, म्हणजेच त्याची त्रिज्या वाढते. टायरांची पकड तीच असेल तर वळणांत राखतां येणाऱ्या वेगाचा वर्ग त्रिज्येच्या प्रमाणांत असतो. त्रिज्या चौपट झाली तर वेग दुप्पट चालतो. अर्थात् ज्या खेळांत पकडीचें अनुकरण प्रामाणिकपणें केलेलें असतें, तेथेंच हें पडताळतां येतें. भरधांव वेगानें तीव्र वळण घेऊन पाहावें. गाडी घसरली तर खेळ घेण्यासारखा. रुळांवरून गेल्यासारखी निमूटपणें वळली, तर किंमत कितीही थोडी असली तरी पैसे वांचवावे.

तिसरी गोष्ट आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची. सरकत्या पडद्यावर पुढचा रस्ता ठराविकच दिसतो. समजा, तो ९० मीटर आहे. ताशीं १०८ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदास ३० मीटर. अडथळा दिसल्यापासून तो आपल्यावर येईपर्यंत ३ सेकंद मिळतात. वेग दुप्पट केला कीं उरतो दीड सेकंद. बोटांची चपळाई कितीही वाढविली तरी हा हिशेब चुकत नाहीं. १९९१ च्या ‘मायक्रो मशीन्स’ ह्या इंग्लंडांतील खेळांत ह्याचा मोठा गमतीचा उपयोग केला आहे. त्यांत खेळण्यांतल्या मोटारी न्याहारीच्या टेबलावरून धांवतात. दोघे खेळूं लागले म्हणजे पडदा दोघांस मिळून एकच. मागचा पडद्याबाहेर पडला कीं पुढच्यास गुण. पण पुढें असणारा पडद्याच्या कडेशीं येतो, त्यामुळें त्यास पुढचा रस्ता कमी दिसतो, आणि मागच्यास अधिक! पुढच्याची चूक होते ती बहुधा येथेंच.

आतां ह्या खेळाचें एक लबाड अंगही सांगितलें पाहिजे. घारीस वळणापलीकडचें दिसतें. चालकास दिसत नाहीं. आंबोलीच्या किंवा खंडाळ्याच्या घाटांत डोंगराच्या कुशीआड काय आहे, हें तेथें पोंचल्याखेरीज कळत नाहीं. शिवाय पडद्यावर आदळलेली गाडी क्षणांत पुन्हां उभी राहते. अठराव्या वर्षीं परवाना मिळेल म्हणून आतांपासूनच जे उतावीळ झाले आहेत, त्यांनीं एक प्रयोग अवश्य करावा. एस. टी.त चालकाच्या मागची जागा मिळाली, तर समोर दिसणारा रस्ता जेथें संपतो तेथील एखादें झाड किंवा दगड हेरावा, आणि गाडी तेथें पोंचेपर्यंत सेकंद मोजावे. सपाटीवर आंकडा मोठा येईल. घाट लागला कीं रस्ता तुटक दिसूं लागेल. त्या वेळीं तो आंकडा फार घसरूं नये म्हणून चालक वेग किती उतरवितो, तें कांट्यावर पाहावें.