मुलांच्या हाती पुडी : विक्रेत्याचा आणि पालकाचा शरई प्रश्न

हिमायतनगर येथील एका किराणा दुकानदार बांधवाने इशाच्या नमाजानंतर मला थांबवून एक प्रश्न विचारला. त्यांचे दुकान शाळेच्या वाटेवर आहे. ते स्वतः तंबाखूला हात लावत नाहीत, नमाजाचे पाबंद आहेत. म्हणाले, "मौलाना, मी कुणाच्या तोंडात पुडी कोंबत नाही. जो मागतो त्याला देतो. मग माझी कमाई खराब कशी?" मागणाऱ्यांत गणवेशातील मुले किती असतात, असे मी विचारले. ते काही बोलले नाहीत.

पवित्र कुरआनात तंबाखूचे नाव नाही, कारण ही वनस्पती अमेरिका खंडातून फार उशिरा आपल्याकडे आली. अकबराच्या दरबारात ती नेली असद बेगने, आणि तीही आपल्या दख्खनमधील विजापूरहून, सतराव्या शतकाच्या आरंभी. तेव्हापासून उलेमांत मतभेद राहिला. दमास्कसचे अब्दुल गनी नाबुलसी (रह.) यांनी तिला मुबाह ठरविले, अनेकांनी हराम म्हटले, आणि आपल्याकडील पुष्कळ हनफी बुजुर्गांनी मकरूह. आज लोक याच 'मकरूह' शब्दाच्या आडोशाला बसतात. परंतु तंबाखूमुळे तोंडाचा व फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे ज्ञान त्या काळच्या फकीहांसमोर नव्हते. ते आपल्यासमोर आहे. स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नये (सूरह बकरा, आयत १९५) आणि स्वतःला ठार करू नये (सूरह निसा, आयत २९), या आशयाच्या आदेशांनंतर जाणत्या माणसाला सबब उरत नाही.

पण माझा विषय जाणता माणूस नाही.

२०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातील १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू वापरत असल्याचे आढळले. त्याहून सुन्न करणारी बाब अशी की, चघळण्याची तंबाखू वापरणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ५२ टक्के मुलांनी ती वयाची दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच तोंडात घातली होती. दहा वर्षे! ज्या वयात मुलाला नमाजासाठी ताकीद करायची, त्या वयाच्या आधी.

हे आपोआप घडत नाही. तंबाखूची जाहिरात २००३ च्या कायद्याने बंद झाली, तेव्हा त्याच नावाची, त्याच रंगाची वेलची आणि पानमसाला जाहिरातीत आला. चित्रपटातील नायक वेलची खाताना दिसतो, मुलाच्या मनात मात्र पुडीचे नाव कोरले जाते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही माल मिळतो, हे आपण सारे जाणतो. सिगारेट सुटी मिळते, म्हणजे पाकिटावरचे भयानक चित्र मुलाला पाहावेच लागत नाही. चॉकलेटच्या बरणीला खेटून पुड्यांची माळ लटकते, आणि तीही नेमकी मुलाच्या नजरेच्या उंचीवर.

आता फिकहकडे येऊ. मद्याच्या बाबतीत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी केवळ पिणाऱ्याला नव्हे, तर गाळणाऱ्याला, वाहून नेणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि त्याची किंमत खाणाऱ्यालाही दोषी धरले आहे (तिर्मिजी). तंबाखू म्हणजे मद्य नव्हे, हे मान्य. मद्य बनविणाऱ्याला द्राक्षांचा रस विकणे इमाम अबू हनीफा (रह.) यांनी जायज मानले, तर त्यांचेच शिष्य इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद (रह.) यांनी मकरूह. परंतु ही सारी चर्चा प्रौढ ग्राहक गृहीत धरून आहे.

अल्पवयीनासंबंधी हनफी उसूल वेगळा आहे. मुलाच्या व्यवहारांचे तीन प्रकार केले जातात. ज्यात निव्वळ लाभ, उदाहरणार्थ भेट स्वीकारणे, ते पालकाच्या परवानगीविना वैध. ज्यात लाभ-हानी दोन्ही संभवतात, जसे खरेदी-विक्री, ते परवानगीवर अवलंबून. आणि ज्यात निव्वळ हानी, ते पालकाने परवानगी दिली तरी बातिल. पुडी घेणे वरवर पाहता खरेदी आहे. पण स्वतःसाठी पुडी घेणाऱ्या मुलाला त्यात लाभ कोणता? माझ्या अल्प समजुतीनुसार हा व्यवहार तिसऱ्या प्रकाराच्या अधिक जवळ जातो. "घरच्यांनीच पाठवले" ही सबब येथे टिकत नाही. देशाचा कायदाही तेच सांगतो : अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणे गुन्हा आहे, बाल न्याय कायद्यान्वये बालकाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

आणि घरचे पाठवतात, हेही खरेच. "बाळा, जा, एक पुडी घेऊन ये", असे वडील, मामा, कधी आजोबाही म्हणतात. मुलाला दुकानाची वाट, पुडीचे नाव व किंमत आपणच शिकवतो. एवढी प्रभावी जाहिरात कोणत्याही कंपनीला करता आलेली नाही. प्रत्येक जण आपापल्या कळपाचा राखणदार असून त्याबद्दल त्याला जाब विचारला जाईल, ही हदीस (बुखारी, मुस्लिम) आपण लग्नाच्या खुतब्यानंतर ऐकतो आणि टपरीवर विसरतो.

दुकानदार बांधवाने माळ उतरविली आहे व मुलांना पुडी देणे बंद केले आहे. तंबाखूची विक्री पूर्ण सोडलेली नाही. उधारी, भाडे, स्पर्धा या त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. मात्र आता ते स्वतःहून विचारतात, "आजवर मुलांकडून आलेल्या पैशाचे काय?" मी सुचविले की, सच्ची तौबा करून त्या नफ्याचा प्रामाणिक अंदाज करावा आणि तेवढी रक्कम, सवाबची अपेक्षा न ठेवता, एखाद्या गरीब कर्करुग्णाच्या उपचाराला द्यावी. एकदम शक्य नसेल तर महिन्याला थोडी थोडी. वल्लाहु आलम.